तांब्याला दाद न देणारा जिवाणू : न्यूझीलंडच्या किवीबागांचे प्रकरण

पार्श्वभूमी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर बे ऑफ प्लेंटी या भागात ते पुके हे गाव आहे. किवीची पंढरीच म्हणा ना. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या उंच झाडांच्या रांगा आणि त्यांच्या आत मांडवावर पसरलेले वेल, असे तिथले शिवार. 2010 साली या मांडवांवर मुख्यतः दोन जाती होत्या. हिरव्या गराची ‘हेवर्ड’ जुनी, काटक, जगभर पोचलेली. पिवळ्या गराची ‘हॉर्ट-16ए’ नवी, गोड, आणि भावात हिरवीपेक्षा सरस.

दोन्हींची लागवड कलमाने. त्यामुळे हॉर्ट-16एचा एक वेल आणि शंभर किलोमीटरवरचा दुसरा वेल यांच्यात जनुकांच्या पातळीवर फरक जवळजवळ नाहीच. तशी या देशातली किवी मुळात आली तीच मूठभर बियांतून. 1904 साली इझाबेल फ्रेझर या मुख्याध्यापिका चीनमधल्या यिचांगहून बिया घेऊन आल्या. हेवर्ड त्याच वंशावळीतली. हॉर्ट-16एसाठी पुढे चीनमधूनच वेगळे बियाणे आणून पैदास झाली, पण शेतकऱ्याच्या हाती पडली ती पुन्हा एकच जात. रोगाच्या बाजूने पाहिले तर हे सगळे शिवार म्हणजे एकच मोठे झाड.

रोग नवा नव्हता. ‘स्यूडोमोनास सिरिंगी पॅथोव्हर ॲक्टिनिडी’ असे लांबलचक नाव असलेला हा जिवाणू (सगळे त्याला पीएसए म्हणतात) 1984 साली जपानमध्ये पहिल्यांदा दिसला. मग कोरियात. 1992 साली इटलीतही सापडला, पण तिथे त्याने फार काही केले नाही. नंतर 2008 साली इटलीच्याच लाझिओ प्रांतात, लातिना परिसरात, पिवळ्या किवीच्या बागा धडाधड वाळू लागल्या. नाव तेच, देश तोच, सोळा वर्षांपूर्वीचा अनुभव मात्र कामाला येईना. इथेच शंका यायला हवी होती की हा तोच जिवाणू आहे का.

(या लेखात कोणत्याही बागायतदाराचे किंवा रोपवाटिकेचे नाव दिलेले नाही. संस्था, शोधनिबंधातले निष्कर्ष आणि न्यायालयीन निकाल सार्वजनिक नोंदीतले आहेत.)

समस्या

नोव्हेंबर 2010च्या पहिल्या आठवड्यात ते पुकेच्या एका बागेत पीएसए असल्याचे नक्की झाले. तिकडे नोव्हेंबर म्हणजे वसंत ऋतूचा शेवट. वेलांना कळ्या लागलेल्या, हवा थंड आणि दमट. हा जिवाणू नेमका अशाच हवेत फोफावतो. आधी पानावर कोनाकोनाचे तपकिरी ठिपके आणि त्यांच्याभोवती पिवळी कडा. एवढ्यावर कुणी घाबरत नाही. पानावर ठिपके कुठल्या पिकाला पडत नाहीत? नंतर कोवळे शेंडे मान टाकतात, कळ्या तपकिरी होऊन गळतात. पुढे खोडाला आणि फांद्यांना बारीक चिरा पडून त्यातून चिकट द्रव पाझरतो, कधी दुधी तर कधी गंजासारखा लालसर. तो द्रव दिसला की तो वेल गेला असे समजायचे. फळ खाणाऱ्याला यापासून काही अपाय नाही. मरतो तो वेल आणि बुडतो तो बागायतदार.

नमुने तपासायला घेतल्यावर एक वेगळीच गोष्ट समोर आली. देशात पीएसए म्हणून ओळखले जाणारे दोन प्रकार निघाले. एकाने फक्त पानावर ठिपके पडत. दुसरा वेल मारत होता. सुरुवातीला त्यांना ‘आशियाई’ आणि ‘इटालियन’ अशी नावे पडली, पुढे ती बदलून सौम्य तो ‘एलव्ही’ आणि घातक तो ‘व्ही’ असे म्हणू लागले. काही वर्षांनी सौम्य प्रकाराला वेगळ्या पॅथोव्हरचे (एकाच प्रजातीतल्या, ठरावीक झाडांवर रोग करणाऱ्या उपप्रकाराचे) स्थान मिळाले, कारण तो पीएसएच्या घराण्यातला नव्हताच. पण 2010च्या त्या गडबडीत ‘पीएसए सापडला’ या एका वाक्यात दोन्ही कोंबले जात होते. कुठल्या बागेत वेल तोडायचे आणि कुठल्या बागेत नुसते लक्ष ठेवायचे, हा निर्णय या फरकावर अवलंबून होता, आणि फरक डोळ्यांना दिसत नव्हता.

जपानमधला पहिला गट (पीएसए-1) फेझिओलोटॉक्सिन नावाचे विष तयार करतो. कोरियातला दुसरा गट (पीएसए-2) कोरोनाटीन तयार करतो. इटली आणि न्यूझीलंडमध्ये हाहाकार उडवणारा तिसरा गट (पीएसए-3) या दोन्हींपैकी एकही विष तयार करत नाही, तरी सगळ्यांत घातक तोच. विषाची जनुके शोधून घातकपणा ठरवता येईल, या समजुतीला इथे पहिला धक्का बसला.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय समूळ उच्चाटनाचा. बाधित बाग आणि भोवतालचा पट्टा तोडून जाळायचा. पहिल्या आठवड्यांत विचार त्याच दिशेने होता, बागांवर निर्बंधही आले. पण हा जिवाणू लक्षणे दिसण्याआधी वेलाच्या आत असतो. पर्णरंध्रांतून, छाटणीच्या जखमेतून, गारांच्या माराने पडलेल्या फटीतून आत शिरतो आणि पाऊस-वाऱ्याबरोबर पुढच्या बागेत जातो. डोळ्यांना निरोगी दिसणारे वेल तोडायला किती शेतकरी तयार होतील, आणि किती वेल तोडले म्हणजे पुरे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

दुसरा पर्याय त्याला अडवून धरण्याचा: त्या भागातून रोपे, कलमकाड्या, परागकण बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, अवजारे आणि गाड्या निर्जंतुक करायच्या, फैलाव हळू करायचा आणि मिळालेल्या वेळात दुसरे काही शोधायचे. तिसरा पर्याय, रोग इथेच राहणार असे मानून जगायचे: तांबेयुक्त औषधे, स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा मोजका वापर, छाटणीची वेळ बदलणे आणि जात बदलणे.

कागदावर हे तीन वेगळे रस्ते दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरत जाणे झाले, आणि ते काही महिन्यांत झाले. यात कुणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. उच्चाटनाचा निर्णय घ्यायचा तर तो जिवाणू किती दिवसांपासून देशात आहे हे कळायला हवे होते, आणि ते सांगू शकणारा जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध व्हायला 2013 उजाडले.

काय केले

सरकार आणि उद्योग यांनी मिळून 5 कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी उभा केला. डिसेंबर 2010 मध्ये ‘किवीफ्रूट वाइन हेल्थ’ ही उद्योगाचीच संस्था स्थापन झाली आणि रोगाची सूत्रे तिच्याकडे गेली. मे 2013 पासून जैवसुरक्षा कायद्याखाली राष्ट्रीय व्यवस्थापन आराखडा लागू झाला. रोपांची ने-आण, बागेची तपासणी, रोग दिसला तर कळवणे, हे सगळे त्यातून सक्तीचे झाले. तोवर निम्म्याहून जास्त क्षेत्रावरच्या बागांत रोग पोचला होता.

शेतकऱ्याच्या बाजूने खरा पेच जातीचा होता. हॉर्ट-16ए या रोगापुढे टिकतच नव्हती. 2010च्या मध्यावर, म्हणजे रोग सापडण्याच्या काही महिने आधी, योगायोगाने काही नव्या जाती बाजारात आणल्या होत्या. त्यांतली एक ‘जी-3’, पुढे ‘सनगोल्ड’ या नावाने ओळखली गेलेली. रोगग्रस्त भागातल्या चाचणीच्या वेलांवर जी-3 बरी दिसत होती. ‘रोगमुक्त’ नव्हे, फक्त सहन करणारी.

एखाद्या बागायतदाराच्या जागी उभे राहून पाहा. मांडवावर हॉर्ट-16एचे वेल आहेत, निम्म्यांतून लाल द्रव पाझरतोय, बँकेचे कर्ज आहे. जुनी खोडे खाली कापून त्यांच्यावर जी-3चे कलम बांधायचे तर पुढची एक-दोन वर्षे उत्पन्न नाही. खुंटातच जिवाणू असला तर नवे कलमही जाणार. आणि जी-3 टिकते याला आधार काय, तर एक-दोन हंगामांचे निरीक्षण आणि हरितगृहातल्या रोपांवर केलेल्या चाचण्या. पूर्ण पुराव्यासाठी पाच वर्षे थांबावे तर थांबायला बागच उरणार नाही. 2012 मध्ये उद्योगाने हॉर्ट-16एवाल्यांना जी-3कडे वळण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर खुला केला, आणि हजारो एकरांवर कात्री व करवत चालली. अपुऱ्या माहितीवर घेतलेला हा निर्णय होता आणि तो बरोबर ठरला. मात्र बरोबर ठरला म्हणून त्या वेळी तो सोपा होता असे नाही.

दुसरीकडे फवारण्या सुरू झाल्या. स्ट्रेप्टोमायसिनला मोजकी आणि फुले येण्याआधीचीच परवानगी होती. मधात अंश उतरण्याची भीती होती. म्हणून सगळा भार तांब्यावर पडला. फळे काढल्यावर तांबे, छाटणी झाल्यावर तांबे, डोळे फुटताना तांबे. तांबे जिवाणूला पानाच्या पृष्ठभागावर मारते, वेलाच्या आत शिरलेल्याला नाही. त्यामुळे ते पुन्हा पुन्हा मारावे लागते, आणि पानावर जे जे जिवाणू राहतात त्या सगळ्यांवर, रोग न करणाऱ्यांवरही, ते पडत राहते.

वंशावळ काय सांगते, काय सांगत नाही

दरम्यान प्रयोगशाळांत जनुकसंच वाचले जात होते. 2012–13 मध्ये वेगवेगळ्या गटांचे निष्कर्ष आले आणि 2017 मध्ये 80 जनुकसंचांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्र असे. जागतिक साथीचा वंश चीनमधून निघाला. न्यूझीलंड, चिली, युरोप, कोरिया आणि जपान या ठिकाणी तो स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी पोचला. म्हणजे इटलीतून न्यूझीलंडला आला, हा सुरुवातीचा समज चुकीचा होता. ‘इटालियन’ हे नाव बदलले ते बरेच झाले. न्यूझीलंडची साथ एकाच वंशातून, एकाच शिरकावातून वाढली.

या अभ्यासातली मला सगळ्यांत रोचक वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. उगम जिथला, तिथे विविधता सर्वाधिक असणार, असा आपला सर्वसाधारण ठोकताळा. चीनमधल्या सहा प्रांतांतून लागवडीच्या आणि रानटी किवीवरचे नमुने घेतले, तर सगळे पीएसए एकाच घराण्यातले निघाले. उलट कोरिया आणि जपानमध्ये अनेक घराणी सापडतात. साथ चीनमधून निघाली हे पक्के. पण पीएसएचे मूळ घर कुठले, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

वंशावळ न्यायालयातही पोचली. 2009 साली चीनमधून परागकोशांची एक खेप देशात येऊ दिली गेली, त्यातूनच रोग आला, असा दोनशेहून अधिक बागायतदारांचा दावा होता. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने ही आयात होऊ देणाऱ्या मंत्रालयाचा निष्काळजीपणा मान्य केला. 2020 मध्ये अपील न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही असा निकाल दिला. अखेर 2021 मध्ये 4 कोटी न्यूझीलंड डॉलरवर तडजोड झाली. जनुकसंच ‘चीनमधून, एकाच शिरकावातून’ एवढे सांगू शकतो. कुठल्या खोक्यातून, हे तो सांगत नाही. रोगाचा माग काढताना या दोन गोष्टींची गल्लत फार सहज होते.

परिणाम

जी-3ने उद्योग तारला. आज न्यूझीलंडची पिवळी किवी म्हणजे सनगोल्डच, आणि तिच्या लागवड परवान्याचे लिलाव हेक्टरी काही लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंत गेले. वाटेत किंमतही मोजावी लागली. लिंकन विद्यापीठाच्या 2012 मधील अंदाजानुसार पहिल्या पाच वर्षांचा फटका 31 ते 41 कोटी न्यूझीलंड डॉलरचा होता.

जिवाणूच्या बाजूने मात्र गोष्ट इथे संपत नाही. देशात शिरला तेव्हा तो तांब्याने मरत होता. 2015 आणि 2016 मध्ये बागांतून घेतलेले जिवाणू तपासले तेव्हा त्यांतले चौथाई तांब्याला जुमानत नव्हते. चाचणी दिसायला साधी असते. तांब्याचा क्षार मिसळलेल्या माध्यमाच्या बशीत जिवाणू रेघेने ओढायचे. मूळ वंशाची रेघ कोरीच राहते आणि शेजारच्या रेघेवर फिकट, चकचकीत ठिपके उठतात.

एकाच वंशात पाच वर्षांत हे कसे झाले? आपसूक झालेल्या लहान बदलांनी नव्हे. त्या जिवाणूंनी तांब्याचा प्रतिकार करणारी जनुके तयार, गठ्ठ्याने उचलली होती. जिवाणूंमध्ये जनुकांचे काही सुटे तुकडे असतात. ते एका जिवाणूतून सुटून, दोन जिवाणू जोडले गेले की दुसऱ्यात जातात आणि त्याच्या जनुकसंचात घट्ट बसतात. त्यांना आयसीई म्हणतात. प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य जनुकसंचापासून वेगळे राहणारे डीएनएचे छोटे कडे, हा दुसरा मार्ग. काही पीएसएंनी हा वापरला, काहींनी तो. तांब्याबरोबर आर्सेनिक आणि कॅडमियमलाही दाद न देणारी जनुके त्याच गठ्ठ्यात आली.

हे तुकडे आले कुठून, याचा माग थक्क करणारा आहे. त्यांतला एक तीन जुन्या तुकड्यांचा जोड होता, आणि त्या तिन्हींचे जुळे जुन्या संग्रहांत सापडले: 1921 साली अमेरिकेत तृणधान्यावर, 1968 साली न्यूझीलंडमध्ये गव्हावर आणि 1988 साली जपानमध्ये किवीवर. इतर दोन तुकडे तर घरचेच निघाले. पीएसए देशात यायच्या आधी किवीच्या पानांवर गुण्यागोविंदाने राहणाऱ्या, रोग न करणाऱ्या जिवाणूंकडे ते जवळजवळ जसेच्या तसे होते. परका पाहुणा शेजाऱ्याच्या दारात गेला आणि हवे ते उसने घेऊन आला, इतका सरळ व्यवहार. प्रयोगशाळेत आणि जिवंत रोपावरही ही देवाणघेवाण घडवून दाखवली गेली.

दुसरा बदल किवीबेरीच्या बागांत दिसला. ॲक्टिनिडिया अर्गुटा ही द्राक्षाएवढ्या फळांची प्रजाती. ती पीएसए-3ला ओळखते आणि जिथे जिवाणू शिरेल तिथल्या पेशी मारून त्याला अडवते. तरीही तिच्यावर रोग करणारे काही पीएसए सापडले. त्यांनी नवे काही मिळवले नव्हते. त्यांच्या जनुकसंचातला सुमारे 51 हजार डीएनए-अक्षरांचा पट्टा गळून पडला होता, आणि ज्या प्रथिनांवरून वेल त्यांना ओळखत असे त्यांतल्या एकाचे जनुक त्याच पट्ट्यात होते. ओळख पटवणारी खूणच टाकून दिली, की पहारेकरी अडवणार कुणाला?

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा 2008 चा. इटलीत पिवळी किवी वाळू लागली तेव्हाच, 1992च्या सौम्य जिवाणूपेक्षा हा वेगळा आहे का, हे तपासून परागकण आयातीचे नियम नव्याने पाहता आले असते. पुढच्या सगळ्या खटल्यांचे मूळ त्या दोन वर्षांत आहे. रोगाचे नाव जुने असले की नियमही जुनेच पुरतात, असे धरले जाते, आणि इथे नावाखाली निदान तीन गट दडलेले होते.

दुसरा मुद्दा तांब्याचा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा. तांब्याशिवाय गत्यंतर नव्हते, हे मान्य. पण फवारण्यांची घाऊक सुरुवात होण्याआधी पानांवरच्या निरुपद्रवी जिवाणूंकडे तांब्याच्या प्रतिकाराची जनुके आहेत का, हे पाहिले असते तर पाच वर्षांनंतरचे चित्र आधीच दिसले असते. जुने संग्रह उपलब्ध होते. पुढे माग लागला तो त्यांच्यामुळेच. प्रत्येक रोगात आपण रोगजंतूचे नमुने गोळा करतो, त्याच्या शेजाऱ्यांचे नाही. ‘एकाच वंशाची साथ आहे, म्हणजे विविधता नाही’ हा निष्कर्ष रोगजंतूपुरता बरोबर होता. अख्ख्या पानापुरता तो चूक ठरला.

जी-3च्या बाबतीत मी थोडा साशंक आहे. एका जातीवरची भिस्त मोडली ती दुसऱ्या एका जातीवर भिस्त ठेवून. किवीबेरीवर जे घडले ते पाहता, ओळखीवर आधारलेल्या एखाद्याच प्रतिकारावर विसंबणे धोक्याचे. किवीबेरीचा वेल जिवाणूची जी चार प्रथिने ओळखतो त्यांची यादी पैदासकारांच्या हाती आहे. ती चारही ओळखणारी जनुके एकाच वाणात आणायचे ठरवले तर जिवाणूला एका फटक्यात सगळी टाकणे अवघड जाईल.

डाळिंबाच्या तेल्याशी, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाशी, झगडणाऱ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. तेल्याची भारतातली पहिली नोंद 1952 ची, दिल्लीची. महाराष्ट्रात त्याने बागा उठवायला सुरुवात केली ती 2000 नंतर, आणि 2005 साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. जिवाणू वेगळा, झँथोमोनास कुळातला. पण ‘भगवा’ या एकाच डाळिंब-जातीची सलग लागवड, गुटी कलमांतून होणारा फैलाव, वर्षानुवर्षे तांबे आणि स्ट्रेप्टोमायसिनची जोडगोळी, हे तेच समीकरण. पिकांवर स्ट्रेप्टोमायसिन बंद करण्याचा मसुदा केंद्राने 2021 मध्ये काढला. ते सुटले की इथेही भार तांब्यावरच येणार.

तेव्हा काम करायचे ते आत्ता. त्याच त्या बागेतून, बहार धरण्याआधी आणि फळे उतरल्यावर, असे दोनदा नमुने घ्यायचे. डागाळलेल्या पानाबरोबर त्याच झाडाचे एक स्वच्छ पानही घ्यायचे, कारण उसने देणारे शेजारी तिथे राहतात. दोन्हींवरचे जिवाणू तांब्याच्या बशीवर ओढून पाहायचे, आणि वाढोत वा न वाढोत, उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये तारखेसह ठेवून द्यायचे. सुरुवात मृग बहाराच्या बागांपासून करावी. पावसात तेल्याचा जोर आणि फवारण्यांची संख्या, दोन्ही तिथेच सर्वाधिक असते.